चूक पिकअपवाल्याची, क्लेम आपल्याच पॉलिसीवर: खेड शिवापूरच्या एका धडकेची पूर्ण फाईल

रविवार, १९ जानेवारी २०२५, संध्याकाळचे पावणेसात. ताई, भावोजी आणि आई साताऱ्याला मावशीकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून पुण्याला येत होते. गाडी ताई चालवत होती, भावोजी शेजारी, आई मागच्या सीटवर. खेड शिवापूरच्या टोलनाक्याला रविवारी संध्याकाळी जी लाईन लागते ती ज्यांनी भोगलीय त्यांना वेगळं सांगायला नको. ताईची स्विफ्ट लाईनमध्ये उभी, पुढे एक पांढरी सेडान, आणि मागून टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअप आला तो थेट डिकीत. त्या धक्क्याने स्विफ्ट पुढे सरकली आणि सेडानला जाऊन धडकली. रस्त्यावर टोमॅटो, डिकीत वाणाच्या स्टीलच्या वाट्या चेपलेल्या, तिळगुळाचा डबा उघडा पडलेला आणि मागे आई डावा हात धरून बसलेली.

मला फोन आला तेव्हा मी सिंहगड रोडला घरी होतो, पाऊण तासात पोचलो. मी वकील नाही की इन्शुरन्सवाला नाही, एका पतसंस्थेत कर्ज विभागात बसतो, त्यामुळे कागद जपून ठेवायची खोड आहे एवढंच. हे प्रकरण जवळजवळ वर्षभर चाललं आणि त्याची फाईल माझ्याकडेच होती, म्हणून कुठे पैसे मिळाले, कुठे नाही मिळाले आणि का, ते सगळं लिहून ठेवतोय. सुरुवातीला आम्ही सगळेच एका गैरसमजात होतो. चूक शंभर टक्के पिकअपवाल्याची, म्हणजे सगळा खर्च त्याच्या इन्शुरन्सकडून येणार, आपल्या पॉलिसीला हात लावायची गरजच नाही, असं वाटत होतं. पण चूक कुणाची हे ठरणं आणि पैसे कुठून येणार हे ठरणं ह्या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला आम्हाला आठवडा लागला.

आधी जागेवरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या दीड तासावर उभं राहिलं. ताईने ११२ ला फोन केला, त्याआधी शेजारच्या लाईनमधल्या कुणीतरी १०८ लावला होता, त्यामुळे ॲम्ब्युलन्स लवकर आली आणि भावोजी आईला घेऊन कात्रजकडच्या हॉस्पिटलला गेले. ताई गाडीजवळच थांबली. मागून हॉर्न चालू होते, सेडानवाला ओरडत होता, टोलवरचा माणूस गाड्या बाजूला घ्या म्हणत होता, तरी तिने आधी मोबाईलवर फोटो काढले. तिन्ही गाड्या एका फ्रेममध्ये येतील असे लांबून, मग पिकअपची नंबरप्लेट, पिकअपचा बंपर आपल्या डिकीत घुसलेला, आपली पुढची बाजू सेडानला टेकलेली, आणि एक छोटा व्हिडिओ ज्यात पिकअपचा ड्रायव्हर स्वतः म्हणतोय की ब्रेक लागला नाही. मग तिने एम-परिवहन ॲपमध्ये पिकअपचा नंबर टाकला. मालकाचं नाव तिथे अर्धं झाकलेलं येतं पण इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. पिकअपचा चालू होता. संपलेला असता तर मालकाच्या मागे वैयक्तिक वसुलीला लागावं लागलं असतं, आणि ती वसुली कशी होते ते मी रोज ऑफिसात बघतो.

सेडानवाल्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्याच्या दृष्टीने त्याला मारलं स्विफ्टने. तो काही ऐकेना, "बाईमाणूस चालवत होती, ब्रेकवर पाय नव्हता" वगैरे, आणि वीस हजार आत्ताच्या आत्ता द्या म्हणून भावोजींना फोनवर फोन. भावोजी हॉस्पिटलमध्ये, आईचा एक्स-रे चालू, ते वैतागून "देऊन टाक रे, कटकट नको" म्हणाले. मी दिले नाहीत. ह्यात कंजूषपणा नव्हता. पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात एक अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय तुम्ही जबाबदारी मान्य करायची नाही, कुणाला पैसे द्यायचं कबूल करायचं नाही. वीस हजार दिले की लेखी काही नसलं तरी चूक आपली असं ते कबूल केल्यासारखंच, मग पुढे पिकअपचा वकील तेच दाखवणार. सेडानवाल्याला शांतपणे सांगितलं की आमचा पॉलिसी नंबर घ्या, पिकअपचा घ्या, पंचनाम्यात लिहून घेऊ. शेवटी त्याने स्वतःच्या पॉलिसीवरच काम करून घेतलं आणि परत फोन आला नाही.

त्याच संध्याकाळी मी अजून एक गोष्ट केली ती म्हणजे टोलच्या ऑफिसात साध्या कागदावर अर्ज दिला की अमुक लेनचं साडेसहा ते सव्वासातचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, त्याची एक प्रत पोलिसांना, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतली. ही फुटेजं ठराविक दिवसांनी आपोआप पुसली जातात. टोलवाले मला फुटेज देणार नव्हते आणि दिलंही नाही, पण पोलिसांनी मागितल्यावर ते शिल्लक होतं. त्यात स्पष्ट दिसत होतं की स्विफ्ट उभी आहे, ब्रेक लाईट लागलेले आहेत आणि मागून धक्का बसल्यावरच ती पुढे गेली. तीन गाड्यांच्या धडकेत मधल्या गाडीवाल्याला हे दाखवता आलं नाही तर तो दोन्ही बाजूंनी भरडला जातो.

आता पोलीस ठाण्यातलं. रात्री साडेनऊला ताई जबाब द्यायला बसली, मी शेजारी. हवालदार साहेब चांगले होते, चहा मागवला, सगळं नीट विचारून लिहून घेतलं आणि शेवटी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं, "सदर अपघाताबाबत माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही." ताई तसं काही बोलली नव्हती. ते वाक्य सवयीने आलेलं होतं, नुसती गाडी ठोकलेली असली की बऱ्याचदा लोक मिटवूनच घेतात, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात तिकडेच वळतो. ताई म्हणाली, "साहेब, हे शेवटचं काढा, माझी तक्रार आहे, आईचा हात मोडलाय." ते म्हणाले, "मॅडम, मग एफआयआर घ्यावा लागेल, पोराचं लायसन जाईल." ती म्हणाली, "घ्या."

ते पोर बाहेर बाकावर बसलेलं होतं. बावीस-तेवीस वर्षांचा असेल, फलटणकडचा, पहाटे चारपासून गाडीवर. थोड्या वेळाने पिकअपचा मालक आला, भावोजीही तोवर हॉस्पिटलमधून पोचले होते, त्यांना बाजूला घेऊन चाळीस हजार रोख देतो म्हणाला, कागदावर सही करा आणि मिटवून टाका. भावोजींचं मन विरघळलं होतं, खोटं कशाला सांगू, माझंही. पण चाळीस हजारात गाडीसुद्धा झाली नसती, आणि खरी अडचण पुढेच होती. गाडीचा क्लेम देताना आपली कंपनी आपल्या वतीने समोरच्याकडून वसूल करायचा हक्क आपल्याकडून घेते, त्याला सब्रोगेशन म्हणतात, आणि आपण आधीच "मिटलं, काही येणं नाही" असं लिहून दिलं असेल तर तो हक्कच आपण संपवला म्हणून आपली कंपनी आपलाच क्लेम अडवू शकते. शिवाय आईच्या हाताचं काय? भावोजी मालकाला एवढंच म्हणाले, "दादा, तुमचा इन्शुरन्स आहे ना, मग तुमच्या खिशातून कशाला देताय?" त्यालाही ते पटल्यासारखं वाटलं.

एफआयआर त्याच रात्री झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, १२५ म्हणजे दुखापत, आणि मोटार वाहन कायद्याचं १८४. आईच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतीत येतं, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचे पैसे होतात.

मग गाडी. रात्रीच आपल्या कंपनीच्या ॲपवर क्लेम कळवला, सोमवारी गाडी टो करून गॅरेजला, मंगळवारी सर्व्हेयर, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणारा माणूस, आला. सर्व्हेयर बघून जाईपर्यंत एक नटसुद्धा खोलू नका असं गॅरेजला बजावून ठेवलं होतं. गॅरेजच्या ॲडव्हायजरने क्लेम फॉर्म भरताना सल्ला दिला, ड्रायव्हरच्या जागी मालकाचंच नाव टाका, सोपं जातं. पॉलिसी भावोजींच्या नावावर आहे. ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. लायसन तिचं व्यवस्थित होतं, एफआयआरमध्ये तिचं नाव, फुटेजमध्ये ती उतरताना दिसते, आणि फॉर्मवर भावोजी असते तर एक खोटी माहिती पकडून अख्खा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळालं असतं.

इथे भावोजींनी विचारलं, आणि सगळेच विचारतात, की आपण आपल्या पॉलिसीवर का जायचं? पिकअपच्या थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यात, मालमत्तेचं नुकसान येतच नाही का? येतं, आणि पॉलिसीत त्याची मर्यादा साधारण साडेसात लाखांची असते, म्हणजे आपली गाडी सहज बसते. पण ते पैसे काउंटरवर मिळत नाहीत. समोरच्याच्या कंपनीशी तुमचा कसलाच करार नाही, त्यांना फोन केला तर आधी त्यांच्या गाडीमालकाने कळवायला पाहिजे म्हणतात, आणि मालक कळवायला उत्सुक नसतो. रीतसर मागायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला एमएसीटी किंवा क्लेम कोर्ट म्हणतो तिथे अर्ज करायचा, आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये तशीच ठेवायची किंवा दुरुस्तीचे पैसे खिशातून घालायचे. त्यात कंपन्यांनी आपापसात 'नॉक फॉर नॉक' नावाचा समझोता करून ठेवलेला आहे, म्हणजे ज्याने त्याने आपल्या ग्राहकाच्या गाडीचं भरायचं, एकमेकांकडे मागायला जायचं नाही. कंपन्यांचं त्यात भागतं, प्रश्न उरतो तो आपल्या कंपनीने न दिलेल्या रकमेचा.

तर आपल्याच पॉलिसीच्या ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, गेलो. गाडी नोव्हेंबर २०२१ ची, म्हणजे अपघाताला तीन वर्षं दोन महिने झालेली, आणि आदल्याच नोव्हेंबरला रिन्यूअल करताना भावोजींनी झिरो डेप, म्हणजे पार्टच्या झिजेपोटी होणारी वजावट (घसारा) टाळणारं जादा कव्हर, काढून टाकलं होतं, दीड-दोन हजार वाचले म्हणून खुश होते. त्याचा हिशोब आता बघा. एकूण बिल झालं १,०१,६५० रुपये. त्यात पत्र्याचे पार्ट, म्हणजे डिकीचं दार, मागचं पॅनल, बॉनेट, रेडिएटरसमोरची पट्टी, हे ३४,२०० चे. तीन ते चार वर्षं वयाच्या गाडीला पत्र्यावर २५ टक्के घसारा, गेले ८,५५०. प्लास्टिक, म्हणजे दोन्ही बंपर, ग्रिल, टेललाईट वगैरे २६,८०० चं, आणि प्लास्टिक-रबरला गाडी कितीही नवी असो ५० टक्के, गेले १३,४००. मागची काच ५,९००, काचेला घसारा नाही, पूर्ण मिळाली. लेबर १७,५००, पूर्ण. पेंटिंग १६,०००, त्यातला चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के, गेले २,०००. क्लिपा, कूलंट, एसी गॅस असली किरकोळ कन्झ्युमेबल्स १,२५०, मिळत नाहीत. आणि पंधराशे सीसीच्या आतल्या गाडीला जी सक्तीची १,००० ची वजावट असते ती. सगळं मिळून भावोजींच्या खिशातून गेले २६,२०० आणि कंपनीने दिले ७५,४५०.

कंपनीबद्दल माझी तक्रार नाही, पॉलिसीत जे लिहिलंय तेवढं दिलं, तेही वेळेत. सर्व्हेयर मात्र डिकीच्या दारावर अडून बसला होता, डेंटिंगमध्ये होईल, नवीन कशाला. गॅरेजवाल्याने दार अर्धं उचलून दाखवलं, बिजागरीकडची बाजू पिळवटलेली, बंद केलं की वर एक बोट फट राहायची. त्याचा फोटो काढून सर्व्हेयरला मेल केला आणि दोन दिवसांनी नवीन दार मंजूर. वाद तोंडी घालत बसलो असतो तर अजून आठवडा गेला असता.

गाडी १४ फेब्रुवारीला मिळाली. मिळताना एका कागदावर सही मागतात, सॅटिस्फॅक्शन व्हाउचर, काम समाधानकारक झालं वगैरे. तो नीट वाचा. आमच्याकडच्या कागदात "पूर्ण व अंतिम" असे शब्द होते. ते फक्त ह्या कंपनीकडच्या ह्या क्लेमपुरतं आहे ना, हे विचारून, आणि खाली पेनाने "तिसऱ्या पक्षाविरुद्धचे हक्क राखून" असं लिहून मग भावोजींनी सही केली. गॅरेजवाला हसला. हसू दे.

आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 'नो क्लेम बोनस', गेला. भावोजींचा तेव्हा ३५ टक्के चालू होता, पुढच्या नोव्हेंबरला ४५ झाला असता, तो शून्यावर आला. चूक कुणाची हे तिथे कुणी विचारत नाही, ओन डॅमेजचा क्लेम घेतला की बोनस गेला, संपलं. परत चढायला पाच वर्षं, २०, २५, ३५ असं करत. त्यांच्या प्रीमियमच्या मानाने पाच वर्षांत हा फटका सात-साडेसात हजारांच्या आसपास बसतो. उलट सेडानवाल्याने आपल्यावर थर्ड पार्टी दावा टाकला असता तर त्याने बोनस गेला नसता, तो फक्त ओन डॅमेजच्या क्लेमने जातो. छोटं नुकसान असेल तर आधी हा हिशोब मांडा. पाच-सहा हजारांच्या कामासाठी क्लेम घेणं बऱ्याचदा तोट्यात जातं.

आता आई. आईचं ऑपरेशन झालं, मनगटात प्लेट बसवली, तीन दिवस हॉस्पिटल. तिची मेडिक्लेम होती, त्यातून ९२,४०० कॅशलेस झाले आणि ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन असल्या न मिळणाऱ्या खर्चाचे ११,६०० आम्ही भरले. (मे २०२५ पासून केंद्राची योजना आलीय, रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, पण आमचा अपघात त्याआधीचा.) मग फिजिओथेरपी १३,५००, आणि तीन महिने घरी एक बाई ठेवावी लागली, महिन्याला ९,०००. आई सदुसष्ट वर्षांची, घर तीच चालवते, डाव्या हाताने कढई उचलता येत नाही म्हटल्यावर घराची काय अवस्था झाली असेल ते समजून घ्या.

हे पैसे गाडीच्या क्लेमसारखे ॲपवर मागता येत नाहीत. त्याला क्लेम कोर्टच. आणि इथे मुदत महत्त्वाची. मधल्या काळात, १९९४ नंतर, अर्जाला मुदतच नव्हती, त्यामुळे जुनी लोकं अजून सांगतात की करा निवांत, दोन वर्षांनी केलं तरी चालतं. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आलीय. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं होतं, पण त्याच्या भरवशावर आपण कशाला बसायचं, आम्ही जूनमध्येच अर्ज टाकला. कुठे टाकायचा हे आपल्या सोयीने ठरतं, अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे. आमचं सगळं पुण्यातच होतं.

पोलिसांकडून येणारे कागदही आता ठरलेले आहेत. अपघातानंतर ४८ तासांत पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल ज्याला डीएआर म्हणतात, आणि हे सगळं न्यायाधिकरणाकडे आणि पिकअपच्या कंपनीकडे जायला पाहिजे. प्रत्यक्षात मी दोन वेळा ठाण्यात जाऊन बसलो तेव्हा तो हलला. भांडायला गेलो नव्हतो. हॉस्पिटलचा दाखला आणि फुटेजच्या अर्जाची पोच त्यांच्या फाईलला नव्हती, ती नेऊन दिली.

वकिलांनी दोन रस्ते समजावले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीला सरसकट अडीच लाख, चूक कुणाची हे सिद्ध करायचीही गरज नाही. कलम १६६ मध्ये चूक सिद्ध करायची आणि खरा खर्च, त्रास, कायमचं अपंगत्व असं सगळं मागायचं. आमच्याकडे फुटेज होतं, एफआयआर होता, म्हणून १६६ ने गेलो. आईच्या मनगटाचा अपंगत्वाचा दाखला सरकारी हॉस्पिटलमधून काढला. मागितले पाच लाख.

पिकअपच्या कंपनीने जे उत्तर दिलं त्यात तीन मुद्दे होते आणि तिन्ही शिकण्यासारखे. पहिला, ड्रायव्हरचं लायसन हलक्या वाहनाचं आहे, त्यावर ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही, सबब आमची जबाबदारी नाही. ह्याचा निकाल आधीच लागलेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंय की साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, वेगळा शिक्का लागत नाही. पिकअप त्याच्या बराच आत. आमच्या वकिलांनी निकालाची प्रत ठेवली, मुद्दा संपला.

दुसरा, हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने दिलंय, तेच परत कशाला? हा युक्तिवाद वरकरणी बरोबर वाटतो, मलाही वाटला होता. पण मेडिक्लेमचे हप्ते आईने इतकी वर्षं स्वतः भरलेत, त्याचा फायदा पिकअपच्या कंपनीला का व्हावा? मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेच ठरवलं, मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. आमचा अर्ज त्यानंतर तीन महिन्यांनी गेला, नशीब म्हणा.

तिसरा मुद्दा मात्र लागला. आईने मागे बसताना सीटबेल्ट लावलेला नव्हता. नियमात मागच्यांनाही सक्ती आहे, आपण कुणी लावत नाही. एफआयआरमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, पण तिच्या जबाबात "पुढच्या सीटवर हात आपटला" असं होतं आणि त्यांच्या वकिलाने बरोबर तेच पकडलं. बेल्ट असता तर हात आपटला नसता, म्हणजे दुखापतीत तिचाही वाटा आहे. किती टक्के ह्यावर निकाल द्यायची वेळ आली नाही, पण तडजोडीत आमचा आकडा खाली आणायला त्यांनी तेच वापरलं, आणि त्याला आमच्याकडे नीट उत्तर नव्हतं.

गाडीच्या उरलेल्या २६,२०० साठी भावोजींचा वेगळा अर्ज होता. आपल्या कंपनीने दिलेले ७५,४५० परत मागता येत नाहीत, एकाच नुकसानाचे दोनदा पैसे नाहीत, पण न मिळालेले मागता येतात. सोबत बिल, सर्व्हे रिपोर्ट आणि कंपनीचं किती मंजूर, किती वजा ते सांगणारं पत्रक लावलं. हे पत्रक आपणहून देत नाहीत, मेल करून मागावं लागतं. एनसीबीचंही मागितलं होतं, सहज म्हणून. भावोजींचं आधी म्हणणं होतं की आपण ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे, जाऊ. तिथे फक्त आपल्या स्वतःच्या कंपनीविरुद्ध जाता येतं, समोरच्याच्या नाही, तेव्हा ते तिथेच थांबलं.

डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत बसलो. पॅनलसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या, आपला नंबर येईपर्यंत चार तास. आईला घेऊन गेलो होतो, पॅनलवरच्या मॅडमनी तिला मूठ वळून दाखवायला सांगितली, ती पूर्ण वळत नव्हती. कंपनीच्या वकिलाने सव्वादोन लाखांपासून सुरुवात केली. आमच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, कलम १६४ चे अडीच लाख तर चूक न बघता मिळतात, तुम्ही त्याच्याही खाली कसे? तिथून आकडा वर सरकला आणि ३,१०,००० वर थांबला. गाडीचे २६,२०० पैकी २०,००० कबूल केले. एनसीबीचं नाव काढल्यावर दोन्हीकडचे वकील एकदमच हसले. निकालापर्यंत लढलो असतो तर वरती व्याजासकट जास्त मिळाले असते का? कदाचित. पण आईला अजून दोन वर्षं कोर्टाच्या जिन्यावर चढवायचं नव्हतं, आणि लोकअदालतीत मिटलं की त्यावर अपील नाही, म्हणजे त्यांनाही ते लांबवता येत नाही.

मधे नोव्हेंबरात भावोजींचं रिन्यूअल येऊन गेलं. ऑनलाईन फॉर्मवर "गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का" ह्याला काही लोक नाही म्हणतात आणि बोनस चालू ठेवतात, मग पुढचा क्लेम आला की कंपनी जुनी नोंद काढते आणि तो अडकतो. भावोजींनी होय वर टिक केलं. झिरो डेपवरही केलं.

पैसे २०२६ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाले, त्यातले दोन लाख आईच्या नावाने एफडीत. त्याच आठवड्यात संक्रांत होती. आईने बोहरी आळीतून दोन डझन स्टीलच्या वाट्या आणल्या, कारण गेल्या वर्षी डिकीत ज्या चेपल्या त्यांचे पैसे कुणीच दिले नव्हते. गाडीतलं सामान ओन डॅमेजमध्ये येत नाही, आणि पिकअपच्या कंपनीकडे मागायचं तर त्या पंचनाम्यात असायला हव्या होत्या, त्या लिहायच्या राहून गेल्या.

"दोन डझनच होत्या का गं?" मी विचारलं. आई म्हणाली, "नाही रे, अडीच. सहा मावशीकडेच वाटल्या होत्या."